मन्मथप्पांचं पहिलं वाक्य

तलवाड्यात नवरदेवाची परीक्षा भांड्याच्या दुकानात व्हायची. परीक्षक मन्मथप्पा. आधीच सांगून ठेवतो, या माणसाबद्दल मला शांतपणे लिहिता येणार नाही. त्यांनी मला जेवढा ताप दिला, तेवढा ना मुख्याध्यापकांनी दिला, ना दहावी 'ब'नं.

परीक्षा अशी असायची. लग्नाची भांडी घेतली की त्यावर नवरीचं नाव घालून घ्यायची पद्धत आहे. नाव घालायचं मशीन गावात एकट्या अप्पांकडे. भांडी कोणीही खुशाल न्यावीत, पण नाव घालायचं तर नवरदेव समक्ष पाहिजे. तो आला की अप्पा त्याला दुकानातल्या पोत्यावर बसवत, मशीनची पिन काढून हातात धरत आणि विचारत, "लग्न झाल्यावर पयल्यांदा तुमी दोघंच बसलाव. तर तिला पयलं वाक्य काय बोलशील?"

आता आमच्याकडच्या पोरांनी असला प्रश्न सात जन्मात ऐकलेला नसायचा. एकजण म्हणाला, "पाणी आण म्हणंल."

"पाणी आण? अबे, ती बायको हाय का हॉटेलातला वेटर? ऊठ. आठ दिवसांनी ये."

तलाठ्याच्या पोरानं नुकतंच घरी केबल घेतलं होतं. तो इंग्रजीत म्हणाला, "आय लव्ह यू." अप्पांनी विचारलं, याचा अर्थ काय. तो म्हणाला, "म्हाईत न्हाई, पण तसंच म्हणतेत." तोही नापास. एकानं तर छाती पुढे काढून सांगितलं की आपण काहीच बोलणार नाही, आमच्या घराण्यात बायकांशी जास्त बोलत नाहीत. त्याला अप्पांनी एक मडकं दाखवलं आणि म्हणाले, "मंग हे घिऊन जा. हे बी बोलत न्हाई, न् याला माहेर बी नसतंय."

पोराचे बाप हात जोडायचे. "अप्पा, मुहूर्त तोंडावर आलाय."

"मुहूर्त आलाय. अक्कल आलीय का?"

तुम्ही म्हणाल, लोक गेवराईला का जात नव्हते? जायचे काही. पण अप्पा काटा मारत नसत, आणि त्यांच्याकडचा हंडा नातवापर्यंत टिकायचा. शिवाय दुसऱ्याचा पोरगा पोत्यावर बसून घाम पुसताना बघायला अर्धा बाजार जमायचा. आपल्या पोराची पाळी आली की मग त्याच लोकांना अप्पा चक्रम वाटायचे. गाव म्हणजे असं असतं.

या सगळ्याचं मूळ एका पुस्तकात होतं. त्या वर्षांत काय काय नवीन येत होतं. एस.टी.डी.चे बूथ, घरांवर टीव्हीच्या छत्र्या, स्टीलची बारकी बारकी भांडी. मांजरसुंब्याला गाडी थांबली की बिस्किटांच्या माळेशेजारी पिवळ्या कव्हरची पुस्तकं टांगलेली दिसायची. त्यावर जुन्या ऋषींची नावं आणि खाली उघड्या बायकांची चित्रं. अप्पा ती बघून भडकायचे. पण त्यांचा राग चित्रांवर नव्हता. ते म्हणायचे, "धर्माचं शास्तर हाय, पैशाचं हाय, मोक्षाचं तर गल्लोगल्ली हाय. मधलं एक कामशास्तर, ते कावून एस.टी. स्टँडवर टांगलं? त्याच ऋषींनी लिव्हलंय ना? मंग घरात कावून न्हाई?"

आणि त्यांनी दिल्लीहून ते शास्त्र व्ही.पी.नं मागवलं. संपूर्ण आणि सचित्र. पोस्टमननं ते आणून देताना जो चेहरा केला, त्यावरून गावाला बातमी कळली. संध्याकाळी दहा-बारा पोरं दुकानापुढे घुटमळायला लागली. अप्पांनी सगळ्यांना आत बोलावलं आणि त्यांच्यासमोर पुस्तकातलं एकेक चित्र फाडून बंबात घातलं. म्हणाले, "वाचताना मधी मधी येत व्हती."

पोरांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. पण अप्पांना त्याचं काय. मन्मथ हे नाव आमच्याकडे लिंगायतांच्या घरोघरी सापडेल, ते मदनाचंही नाव आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं. या प्रकरणानंतर मात्र टवाळांना आयतंच कोलीत मिळालं.

इथवर माझा काही संबंध नव्हता. तो आला तो असा. पुस्तक अर्धं संस्कृत, अर्धं हिंदी. आणि हिंदी करणाऱ्या महाशयांनी जिथे बोलण्याचालण्याचं होतं तिथे दोन ओळींत गुंडाळलं होतं, आणि जिथे बोलायची गरज नव्हती तिथे पानंच्या पानं लिहिली होती. अप्पांना उलटं पाहिजे होतं. गावात संस्कृत येणारा मी एकटा. हायस्कुलात रामः रामौ रामाः शिकवणारा.

तर हा माणूस मधल्या सुट्टीत, भर व्हरांड्यात, चारशे पोरांसमोर ते पुस्तक काखेत घेऊन आला आणि मोठ्यानं म्हणाला, "सर, कामशास्तराचा अर्थ लागंना झालाय. तुमी बसून सांगा."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. "तुम्ही त्या पुस्तकाचे क्लास घेता म्हणे." घरी बायकोनं दोन दिवस अबोला धरला. पोरं फळ्यावर नको ते लिहायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण अप्पा रोज दुकानातून हाक मारायचे, आणि माझ्या मुलीच्या बारशाचा पाळणाही त्यांच्याच दुकानातून आलेला. नाही कसं म्हणणार. शेवटी रविवारी दुपारी त्यांच्या दुकानामागच्या खोलीत बसून वाचायला लागलो.

खरं सांगायला लाज वाटते. मी संस्कृतचा एम. ए. ते पुस्तक मी हॉस्टेलवर पाहिलं होतं, वाचलं कधीच नव्हतं. वाचायला लागल्यावर कळलं की ज्याच्यासाठी ते बदनाम आहे तो भाग थोडा, बाकी सगळं माणसानं राहावं कसं याबद्दल. अंघोळ रोज करावी. नखं काढावीत. घरात फुलं असावीत. पोपटाला बोलायला शिकवावं. अप्पांनी बीडहून पोपट आणला. तो दिवसभर दुकानात टांगलेला. सहा महिन्यांत तो एवढंच शिकला, "ऊठ. निघ हितून." दुसरं काही त्याच्या कानावर पडतच नव्हतं. गिऱ्हाईक पायरी चढलं की पोपट त्याला हाकलायचा.

एक भाग मात्र अप्पांनी मला पाच वेळा वाचायला लावला. नव्या नवरीचा विश्वास कसा मिळवावा, तो. लग्नानंतर पहिले तीन दिवस अंगाला हात लावायचा नाही, नुसतं बोलायचं, हळू, तिचं भय जाईपर्यंत. मी वाचून दाखवलं की ते भिंतीकडे बघत बसायचे. मग म्हणायचे, "पुन्यांदा वाचा." मला वाटायचं, म्हातारा बहिरा झाला की काय. मी वैतागून पुन्हा वाचायचो. ती पोत्यावरची परीक्षा त्यानंतर सुरू झाली.

आता माझ्या मुलीच्या लग्नाचं सांगतो. तिथे या माणसानं माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

शैलाचं जमलं कडा गावाकडच्या एका घरात. मुलगा विलास, सरकारी नोकरीत, दिसायला नीटनेटका, निर्व्यसनी. यादीच्या दिवशी, म्हणजे देण्याघेण्याचं लिहून ठरवायच्या दिवशी, विलास आणि त्याची आई घरी आले होते. यादीत सगळ्यात शेवटी त्याच्या आईनं सांगितलं, "मुलीचं नाव आम्ही सुषमा ठेवणार. थोरल्या सुनेचं सुवर्णा केलं, मधलीचं सुरेखा. म्हणजे हिचं सुषमा बसतं."

लग्नात नाव बदलायचं, यात मला काही वावगं वाटलं नाही. माझ्याही बायकोचं बदललं होतं. मी मान डोलावली आणि यादीत लिहून घेतलं. मग सगळे मिळून अप्पांच्या दुकानात गेलो. जाताना मी मनात महादेवाचा धावा करत होतो की आज तरी ती परीक्षा नको.

परीक्षा झाली. विलासला पोत्यावर बसवलं. अप्पांनी प्रश्न विचारला. विलासनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "त्यात काय विचारायचं? सुषमा म्हणून हाक मारील." आणि सुवर्णा, सुरेखा, सुषमाचा हिशोब अप्पांनाही ऐकवला.

"सुना हायत का डब्यांचा सेट?" अप्पा एवढंच म्हणाले. मग वळले. मशीनची पिन परत लावली. विलासला म्हणाले, "जा बाळा." मला म्हणाले, "परवा भांडी न्या, सर."

मी सुटलो बुवा म्हणून घरी गेलो. तीच माझी चूक. अप्पा ओरडतात तोवर काही भीती नसते, हे मला कळायला पाहिजे होतं.

दोन दिवसांनी विलासचा थोरला भाऊ टेम्पो घेऊन भांडी न्यायला आला. मी लग्नाच्या खरेदीला बीडला गेलो होतो. तो भांडी न उचलताच परत गेला. संध्याकाळी मी दुकानात गेलो आणि बघतो तर काय, हंडा, कळशी, परात, ताटं, डबे, सगळ्यांवर शैला. पळीवर शैला. चहाच्या गाळणीच्या दांड्यावरसुद्धा बारक्या अक्षरात शैला. स्टीलवर एकदा कोरलेलं काही पुसता येत नाही. समोरच्या एस.टी.डी. बूथवर माझ्यासाठी निरोप येऊन पडला होता. विलासच्या आईनं फोनवर सांगितलं होतं, "सुषमा नावाची भांडी येतील तर लग्न. नसता तारीख विसरा."

लग्न सहा दिवसांवर. पत्रिका वाटून झालेल्या. घरी बायको डोक्याला हात लावून बसली. शैला चुलीपुढून उठली नाही. आता ही सोयरीक मोडली तर पुन्हा कुठे जमायचं, मोडलेल्या सोयरिकीची मुलगी म्हणून गाव बोलणार, ते बोल आयुष्यभर तिनं ऐकायचे. आणि हे सगळं एका भांडेवाल्याच्या लहरीपायी.

दुसरा दिवस सोमवार, अप्पांचं दुकान बंद. मी सरळ त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी चपलाही काढल्या नाहीत.

"अप्पा, तुम्ही माणूस आहात की कोण? माझ्या पोरीच्या संसारावर घण घातलात. कोणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला?"

"तिचं नाव शैलाच हाय ना?"

"ते त्यांच्या घरचं बघतील."

"तिला कुणी इचारलं का?"

"तुम्हाला काय करायचंय? तुमची कोण लागते ती?"

अप्पा माझ्यावर उलटून ओरडतील म्हणून मी तयारीतच होतो. तेवढ्यात त्यांची बायको पाणी घेऊन आली. गावात सगळे तिला कमळाकाकू म्हणतात. बाई अबोल, पदर कपाळापर्यंत. आली, तांब्या-पेला ठेवला, गेली. मास्तर माणूस, अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. पेल्यावर लिहिलेलं होतं, भागीरथी. तांब्यावर भागीरथी. दारातून आतल्या मांडणीवरची ताटं दिसत होती, त्यांच्यावरही तेच.

"ही भागीरथी कोण?" मी विचारलं. रागातच विचारलं.

अप्पांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली केला. एवढ्या वर्षांत मी त्यांचा बारीक आवाज पहिल्यांदा ऐकला.

"माहेरचं नाव हाय तिचं. लगीन झालं तवा मी बावीसचा, ती पंधराची. कमळ हे नाव मपल्या आईनं ठिवलं. मांडवात कुणीतरी तिच्या कानात सांगितलं असंल, गलबल्यात तिला ऐकू बी गेलं नसंल. मी खोलीत गेलतो. ती कोपऱ्यात, भिताडाकडं तोंड करून. मी म्हणलं, कमळ, हिकडं बघ. ती हालंना. पुन्यांदा म्हणलं. तरी हालंना. मला वाटलं, मिजास हाय. माहेरी शेती हाय म्हणून मिजास हाय. मी एक ठिऊन दिली."

अडकित्ता त्यांच्या हातात तसाच उघडा होता.

"लई दिवसांनी कळलं, सर. तिला म्हाईतच नव्हतं कमळ म्हणजे आपुन. पर तवरलोक भ्या बसलं ते बसलं. अजून बी मी घरात आलो की ती उठून हुबी राहती. एकेचाळीस वर्सं झाली. तुमी ते वाचून दावलं ना, तीन दिवस नुसतं बोलायचं म्हणून. तवा वाटलं, कुणीतरी हे आमच्या बापाला सांगाया पायजे व्हतं. बापानं मला."

एखाद्याचा राग अशानं निवला असता. माझा आणखी चढला. मुलगी घरी चुलीपुढे बसलेली होती ना.

"म्हणून भांड्यांवर कोरून ठेवलंत? काकूंना वाचता येतं?"

"न्हाई येत."

"तोंडानं कधी हाक मारलीत?"

"न्हाई."

"का?"

"धीर होत न्हाई."

"वा, अप्पा. वाचता न येणाऱ्या बाईची माफी लिहून मागता. आणि लोकांच्या पोरांना पोत्यावर बसवून चव्हाट्यावर जाब विचारता. आधी स्वतः बसा त्या पोत्यावर."

मी पाणी न पिता उठलो. 

रस्त्यानं मी स्वतःशीच भांडत गेलो. अप्पांना शिव्या घालून झाल्या, विलासच्या आईला घालून झाल्या. घर जवळ आलं तसं शिव्या द्यायला कोणी उरलं नाही, मीच उरलो. "तिला कुणी इचारलं का?" नव्हतं विचारलं. मी यादीत हंडा-कळशीच्या खाली तिचं नवं नाव लिहून घेतलं होतं.

मी चुलीपुढे जाऊन बसलो आणि विचारलं. शैला म्हणाली, "बाबा, तुम्ही लगेच मान डोलावली. मला वाटलं, तुम्हाला आवडलं. मला नाही आवडलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारता?"

कानफटात बसावी तसं झालं. मी तिला म्हणालो, ऊठ. तिला घेऊन बूथवर गेलो आणि विलासच्या ऑफिसचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. लग्नाआधी मुलीनं मुलाला फोन करायचा, तोही भर बाजारात, बापानं बाहेर उभं राहून. बूथवाला माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याच्यावर खेकसलो, "काय बघतो? मुलगी बोलतेय." ती चार मिनिटं बोलली. काय बोलली ते मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी विलास एकटाच मोटारसायकलवर तलवाड्याला आला. आधी आमच्या घरी नाही, अप्पांच्या दुकानात गेला आणि आपणहून पोत्यावर बसला. म्हणाला, "पहिलं वाक्य ठरलं."

"काय?" अप्पांनी विचारलं.

"तुम्हाला का सांगू? ते तिला सांगीन."

अप्पांनी त्याला हाताला धरून पोत्यावरून उठवलं. मग बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "हा पास." आणि गावातला एक टेम्पो बोलावून भांडी स्वतःच्या हातानं त्यात भरली.

लग्न ठरल्या तारखेला झालं. विलासच्या आईनं मांडवात माझा उद्धार केला, मी तो ऐकून घेतला. ताटातल्या तांदळावर विलासनं अंगठीनं नाव लिहिलं ते शैलाच लिहिलं.

चार दिवसांनी मी पेढे घेऊन अप्पांच्या घरी गेलो. भांडण झालं होतं, पण पेढे द्यायचेच होते. कमळाकाकू ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला पोतं टाकलं. अप्पा आत होते. मी हाक मारली तसे ते दारात आले. अंघोळ झालेली, धुतलेलं धोतर, कपाळाला विभूती. माझ्या हातातला पुडा त्यांनी बघितला आणि मग काकूंकडे. उंबऱ्यावर उभे राहून दोनदा घसा खाकरला. हा माणूस घाबरलाय, हे मला तेव्हा कळलं.

"भागीरथी," ते म्हणाले.

काकू तूर निवडत होत्या.

"भागीरथी, सर आलेत. पेढं आणलेत पोरीच्या लग्नाचं."

काकूंचा हात सुपात तसाच चालत राहिला. मी अप्पांकडे बघितलं. मला वाटलं, आता भडकतील, जन्माची खोड. ते भडकले नाहीत. दाराची चौकट धरून उभे राहिले आणि अगदी हळू, तिसऱ्यांदा म्हणाले, "भागीरथी."

काकूंनी मान वर केली. अंगणाकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं. मग पदर पुढे ओढून घाईनं उठून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "सर, बघा बरं जरा. कुणी बाई आलीय का बाहीर? हे कवाचे बोलावू लागलेत तिला."